निळ्या रकान्यातली पिवळी पट्टी

पडदा ओढायचा राहून गेला होता. फोन बंद करून वेंडेल प्रूइट खुर्चीत मागे वळला तेव्हा त्याला ते दिसलं. फोन तसा साधाच होता. त्याच्या संघातल्या जुन्या खेळाडूनं, कॉर्डेल मॅब्रीनं, आपल्या आईच्या अंगणातून केलेला, एकमेकांची तोंडं दिसतात तसला. रविवारी जेवायला येतोस ना, एवढंच विचारायला. "काका, मासे आईनं स्वतः निवडलेत," कॉर्डेल सांगत होता, "मासेवाल्याचं डोकं खाल्लं तिनं. तू आला नाहीस तर तुझ्या वाटणीचे मला खावे लागतील, शिव्यांसकट." असं म्हणून तो हसला, आणि हसता हसता त्याची नजर वेंडेलच्या तोंडावरून घसरून खांद्यामागे गेली. तिथं ती थोडी थांबली. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पाहुणे गेल्यावरही अंगणातला दिवा जळत राहावा तसं. मग तो म्हणाला, "ये मग," आणि फोन बंद झाला. आता वेंडेलसमोर तो लांबरुंद फळा होता, आणि फळ्यावर ओढायचा करडा पडदा एका कडेला, खिडकीचा ओढून ठेवावा तसा, चुण्या पडून लोंबत होता.

लुईव्हिल स्टीमर्स या बास्केटबॉल संघाच्या कचेरीत या खोलीइतकी जपलेली दुसरी खोली नव्हती. फळ्यावर लीगमधल्या प्रत्येक संघाचा एक रकाना, आणि रकान्यात त्या संघाच्या खेळाडूंच्या नावांच्या, चुंबकानं चिकटणाऱ्या पट्ट्या. हंगाम संपून जून आला, की या पट्ट्या फिरायला लागायच्या. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं, हे सगळं आधी इथं मांडून बघायचं आणि मग तासन्‌तास त्याकडे टक लावून बसायचं. बाहेरचं कोणी आलं, फोटो काढायचा झाला, फोनवर तोंड दाखवायचं झालं, की पहिल्यांदा पडदा. हा नियम संघाचा कारभारी म्हणून वेंडेलनंच घातला होता आणि नवा माणूस तो विसरला तर त्याची खरडपट्टी काढण्यात तो आजवर कधी मागे राहिला नव्हता. स्टीमर्सच्या पट्ट्या पिवळ्या. ज्या पश्चिमेकडच्या संघाशी बोलणी चालली होती, त्याच्या निळ्या. आणि त्या निळ्या रकान्यात, वरून तिसरी, सकाळी वेंडेलनं स्वतःच्या हातानं लावलेली एकच पिवळी पट्टी होती. नाव वाचता आलं नसेल. फोनच्या एवढ्याशा काचेत अक्षरं कुठली दिसतात? पण रंग दिसला असेल. आणि ही पट्टी सगळ्या फळ्यावर जुनी, तिचा एक कोपरा उडालेला. नाव वाचायची कॉर्डेलला गरजच नव्हती. हंगामाच्या पहिल्या दिवशी, पडद्याआडून डोकावून, "अजून आहे का रे माझी फुटकी पट्टी?" असं तो दर वर्षी विचारायचा.

नसेलही पाहिलं. अंगणात ऊन होतं, उन्हात फोनची काच आरशासारखी होते, माणसाला आपलंच तोंड दिसतं. आईनं आतून हाक मारली असेल, म्हणून नजर गेली असेल. वेंडेल उठला, त्यानं ती पट्टी काढून पुन्हा पिवळ्या रकान्यात लावली. मग त्याला आपलंच हसू आलं. आता कोणापासून लपवतोय आपण? त्यानं ती परत काढली आणि निळ्यात लावायला हात उचलला, पण हात काही पुढे जाईना. शेवटी पट्टी त्यानं कोटाच्या खिशात टाकली. तेवढ्यात ग्रेचेन आत आली. खेळाडूंचे आकडे, वय, दुखापती सगळं तिच्या बोटांवर असायचं. तिची नजर सरळ फळ्यावर गेली. "काढलीत?" तिनं विचारलं. "बदललाय का विचार? बदलला असेल तर आजच सांगा, सोमवारी लीगला फोन लावून दोन्ही संघांनी हो म्हटलं की संपलं." वेंडेल म्हणाला, "नाही बदलला." "मग ठीक," ती म्हणाली, आणि दारापाशी जाऊन थांबली. "वेंडेल, मलाही तो आवडतो हो. पण त्याचा गुडघा पुढच्या जानेवारीत कुरकुरणारच आहे, तुम्ही कितीही लाड केलेत तरी. आणि त्यांचा तो उंच पोरगा आपल्याला दुसऱ्या कुठल्या पट्टीच्या बदल्यात मिळत नाही. मी बसून सगळ्या बसवून पाहिल्या." तिनं खरंच पाहिल्या होत्या, त्यानंही पाहिल्या होत्या. अदलाबदलीत दोन्ही बाजूंचे पगार जवळपास जुळावे लागतात. कॉर्डेलचा तेवढा मापात बसत होता. त्या संघाला त्यांच्या कोवळ्या पोरांजवळ बसायला एक जुनं, शहाणं माणूस हवं होतं, दोन वर्षांसाठी. खेळाच्या हिशेबानं त्यात एकही चूक नव्हती. चूक असती तर वेंडेल सुटला असता.

कचेरीतून तो बाहेर पडला आणि गाडीकडे न जाता नदीकडे चालू लागला. ओहायो फुगून तपकिरी झाली होती, कोळसा वाहणाऱ्या सपाट बोटी एकीमागे एक अंग ओढत चालल्या होत्या, आणि हवा अशी दमट की सदरा पाठीला चिकटला. पाहिलं असेल की नसेल, हे त्याच्या डोक्यातून जाईना. पाहिलं नसेल तर रविवारी जेवण झाल्यावर, अंगणात, समोरासमोर, आपण सांगायचं. हाच तर त्याचा रिवाज होता. वेंडेल स्वतः खेळत होता तेव्हाची गोष्ट, काही फार काळ खेळला नाही तो. एका सकाळी सरावाला गेला तर त्याच्या कपाटावर नावाची जी चिकटपट्टी असायची ती कोणीतरी ओरबाडून काढली होती. नाव गेलं होतं, कडेचा थोडा गोंद उरला होता. तिथंच त्याला कळलं की आपण या संघात नाही. कोणी काही बोललं नाही. कपडे भरून ठेवायला म्हणून एक कागदी पिशवी मात्र कोणीतरी मायेनं ठेवली होती. त्या पिशवीचा राग त्याला पट्टीपेक्षा जास्त आला होता. पुढे हातात कारभार आला तेव्हा त्यानं ठरवलं की आपण ज्याला घालवू त्याला आपल्या तोंडानं सांगू, टेबलाच्या या बाजूला बसून. आणि त्यानं ते पाळलं. शिव्या खाल्ल्या, एकदा एका गड्यानं त्याच्या अंगावर कॉफी फेकली, पण पाळलं. लीगमध्ये त्याचं नाव होतं त्यासाठी. आणि आता ज्या एका माणसापाशी ते खऱ्या अर्थानं लागू होतं, त्याला फळ्यानं सांगितलं. फुटक्या कोपऱ्यानं सांगितलं. पाण्याकडे बघता बघता त्याला एकदम वाटलं, आपण पडदा खरंच विसरलो का? की आपल्याला सांगायचं नव्हतं, म्हणून हातानंच तो ओढला नाही? हा विचार त्यानं झटकून टाकला, पण पुलापर्यंत तो त्याच्या बरोबरच चालत आला.

हंगाम संपला की प्रत्येक खेळाडूशी एक निरोपाची बैठक होते. वर्ष कसं गेलं, उन्हाळ्यात काय करणार, शरीर कसं आहे. एप्रिलमध्ये कॉर्डेल त्या बैठकीला आला तो गुडघ्याला बर्फ बांधूनच. त्यानं काहीच मागितलं नाही, पगार नाही, जास्त खेळायला नाही. उठता उठता म्हणाला, "काका, एकच. आई आहे तोवर मला इथंच राहू दे. नंतर कुठं पण फेक." त्याच्या आईच्या, ओडेसाच्या, दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले होते. आठवड्यात तीन सकाळी तिचं रक्त यंत्रातून धुऊन काढावं लागायचं, आणि संघ गावात असला की कॉर्डेलच तिला घेऊन जायचा, चार तास शेजारी बसायचा, तिला वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचून दाखवायचा, कारण तिला त्यातच रस. तिला इथून हलवणं शक्य नव्हतं. तिचे डॉक्टर इथं, तिचं चर्च इथं, तिच्या ओळखीची माणसं इथं. यावर वेंडेल काय म्हणाला होता? तो म्हणाला होता, "तू कुठं जातोयस?" आणि दोघं हसले होते. ना हो, ना नाही. इतक्या वर्षांच्या कारभारात अशी उत्तरं त्याच्या जिभेवर आपोआप यायला लागली होती. समोरच्याला त्यात शब्द ऐकू येतो आणि बोलणाऱ्याला पळवाट. त्या दिवशी मात्र तो ते बनवून बोलला नव्हता. एप्रिलमध्ये तो उंच पोरगा मिळण्यासारखा नव्हता. जूनमध्ये झाला.

शनिवारी तो न्हाव्याकडे गेला. डोक्यावर कापण्यासारखं फार नव्हतं, पण बायको सोडून गेल्यापासून घरात शनिवार सरत नसे, आणि दुकानात चार माणसं असायची. खुर्चीत बसल्याबरोबर न्हाव्यानं त्याच्या गळ्याभोवती कापड आवळलं, जरा जास्तच आवळलं. "प्रूइटसाहेब, कानावर काहीबाही येतंय," तो म्हणाला. "आमच्या कॉर्डेलला हात लावलात तर तुमचे केस मी कापणार नाही, आधीच सांगतो." मागून एक म्हातारा म्हणाला, "अरे, उरलेत किती ते तरी बघ! धमकी कसली देतोस?" सगळे हसले. वेंडेलही हसला. कोटाच्या खिशात ती पट्टी होती आणि कापडाखाली त्याची बोटं तिच्या उडालेल्या कोपऱ्यावरून फिरत होती. हा कोपरा त्याच्याच हातून उडाला होता. पट्टी बनून आली त्या दिवशी, आनंदाच्या भरात, ती त्याच्या हातून फरशीवर पडली होती. दुसरी बनवून घेऊ, असं कोणी म्हणालं, तर वेंडेलच म्हणाला, राहू दे, ही ओळखू येईल.

खूप वर्षांपूर्वी हॉपकिन्सव्हिलच्या एका हॉलमध्ये वेंडेल खरं तर दुसऱ्याच पोराचा खेळ बघायला गेला होता. शेजारी तंबाखूची गोदामं, सगळ्या हॉलला तो गोडसर उग्र वास. ज्याला बघायला गेला तो पोरगा छान खेळला आणि चेंडू टाकून निघून गेला. आणि एक काडीसारखा मुलगा मागे राहून हॉलभर विखुरलेले चेंडू गोळा करून मांडणीवर ठेवत होता, कोणी न सांगता, प्रत्येक चेंडू अंगातल्या बनियननं पुसून. वेंडेलनं त्याला विचारलं, "तुला कोण न्यायला येतंय?" "आई. कारखाना सुटला की." मग ओडेसा आली, कारखान्याच्या निळ्या झग्यात, आणि तिनं वेंडेलला घरी नेऊन जेवायला घातलं, कारण घरी कोणी आलं की आधी जेवण आणि मग काय ते बोलणं. वेंडेल बोलायला लागला, मोठं कॉलेज, मग पुढे लीग, मोठी शहरं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं, ताटं उचलली, हात पुसले आणि म्हणाली, "याला कुठं कुठं नेणार ते राहू दे हो. ते सगळेच सांगतात. परत कोण आणून सोडणार, ते सांगा." आणि वेंडेल म्हणाला होता, "मी आणून सोडीन, बाई." पुढे कॉर्डेल खरंच लुईव्हिलला आला, वेंडेलनंच आणला, आईला इथं घर घेतलं, आणि इतकी वर्षं वेंडेलला वाटत होतं की तो शब्द आपण केव्हाच पाळून मोकळे झालो.

न्हाव्याकडून निघाल्यावर गाडीत बसून त्यानं ग्रेचेनचा नंबर काढला. आपण सांगू, मोड हे सगळं, नको तो उंच पोरगा, आणखी एक वर्ष हरू. लोक म्हणतील म्हाताऱ्याला खेळ कळेनासा झाला, म्हणू देत. अंगठा त्या नंबरवर बराच वेळ होता. पण डोळ्यांपुढे त्या पोराचं उडी मारणं आलं, वर गेल्यावर हवेत क्षणभर विचार करत थांबल्यासारखं. असा माणूस या गावात कधी आला नव्हता. त्याला तो हवा होता. कोणी जबरदस्ती केली नव्हती, मालकानंही नाही. त्याला स्वतःला हवा होता, भूक लागावी तसा. त्यानं फोन शेजारच्या सीटवर पालथा ठेवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. रडून झाल्यावरही तो हवाच होता.

रविवारी चर्च सुटल्यावर तो गेला. अंगणात कॉर्डेल मोठ्या कढईशी उभा होता, मक्याच्या पिठात घोळलेले मासे तेलात सोडत, आणि वेंडेलला बघून त्यानं चिमटा वर केला. "आला बाबा! आता देवाचेही आभार मानायला हरकत नाही." नेहमीसारखंच. तोंडावर काही नव्हतं. वेंडेलच्या जिवात जीव आला. नाही पाहिलं यानं. जेवणानंतर सांगू. आत स्वयंपाकघरात ओडेसा टेबलाशी बसली होती, डाव्या हाताला कोपराखाली पट्टी, समोर बटाट्याचं सॅलड आणि पांढऱ्या पावाची चळत. तिनं त्याला शेजारी बसवलं, त्याचा हात हातात घेतला आणि सोडेचना. हात थंड होता. "वेंडेल," ती म्हणाली, "मला तुझ्याकडे बघायची लाज वाटतेय." तो म्हणाला, "असं काय बोलता, मिस ओडेसा?" "मग काय बोलू? याच टेबलावर बसून सांगितलं त्यानं मला काल. मी पश्चिमेला जातोय म्हणे. मीच मागून घेतलं म्हणे, काका नाही म्हणत होता तरी मी हट्ट धरला. समुद्र बघायचाय त्याला! इतक्या वर्षांत तू त्याला काय कमी केलंस? आणि आई अशी पडलेली असताना." तिनं त्याचा हात आणखी घट्ट धरला. "असा नव्हता रे तो. मी असं नव्हतं वाढवलं. तू राग मानू नकोस. माझ्याकडे बघून त्याला माफ कर."

दारात कॉर्डेल उभा होता, हातात तळलेल्या माशांचं ताट, त्यातून वाफ निघत होती. वेंडेलनं त्याच्याकडे पाहिलं, आणि फोनवर काय झालं होतं ते सगळं त्याला त्या एका नजरेत कळलं. घशाशी शब्द आले होते. तो इथं आला होता तो हेच बोलायला, समोरासमोर, स्वतःच्या तोंडानं. "मिस ओडेसा, खरं म्हणजे—" तो म्हणाला. "काका," कॉर्डेल मधेच बोलला, मोठ्यानं नाही, "मासे गार होतात." एवढंच. त्यानं ताट टेबलावर ठेवलं, आईच्या पानात काटा नसलेला तुकडा वाढला, आणि ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मीठ कमी आहे." ओडेसा अजून वेंडेलच्या तोंडाकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. आणि वेंडेल म्हणाला, "मी नाही रागावलो." त्यानं ते म्हटलं, तिनं सुटकेचा श्वास सोडला, त्याचा हात थोपटला आणि मग तिघंही जेवले. त्या जेवणाची चव त्याला आठवत नाही. तेवढं आठवतं की त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, कारण ती वाढत होती.

नंतर अंगणात कॉर्डेल कढईतलं तेल निवत ठेवून पायरीवर बसला, गुडघा लांब करून. झाडांतले किडे कान किटेपर्यंत ओरडत होते. "पाहिलंस तू," वेंडेल म्हणाला. "पिवळं होतं ना, काका. निळ्यात चांगलंच उठून दिसतं." त्यानं चिमटा कढईच्या कडेला ठेवला. "मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. तो पोरगा पाहिलाय मी. फक्त पडदा ओढला असता." वेंडेलला वाटलं, यानं कॉफी फेकली असती तर बरं झालं असतं. "मग आईला असं का सांगितलंस? माझं केलेलं तू तुझ्या अंगावर का घेतलंस? तिला मी सांगणार, आत्ता." तो उठायला लागला तेव्हा कॉर्डेलनं त्याच्या कोटाची बाही धरली, लहानपणी धरायचा तशी. "बस. तू काही सांगायचं नाहीस. नीट ऐक. माझ्यावर ती रागावेल, आठ दिवस फोन घेणार नाही, मग घेईल. मी तिचा मुलगा आहे, जाईल कुठं? पण तुझ्यावर रागावली तर तुला ती या दारात उभं करणार नाही. आणि मी तिकडे असताना या दारात कोण येणार? रक्त धुवायला तिला कोण नेणार, चार तास कोण बसणार? पैसे देऊन बाई ठेवता येते, काका. निधनवार्ता वाचून दाखवायला नाही ठेवता येत. तिला तो अमका गेला म्हटलं की त्याची सगळी कुंडली सांगायची असते, आणि ऐकणारा ओळखीचा लागतो." मग त्यानं बाही सोडली. "तू मला पाठवतोयस ना? मग माझ्या जागी तू बसायचं. एवढंच. मी तुला त्यासाठी तिच्याजवळ चांगला ठेवलाय."

वेंडेलनं खिशात हात घातला आणि ती पट्टी काढून पुढे केली. कॉर्डेलनं ती तळहातावर घेतली, फुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, नाव वाचलं, दुसऱ्या कोणाचं वाचावं तसं सावकाश. मग त्यानं ती वेंडेलच्याच खिशात परत घातली आणि खिसा वरून थोपटला. "जागेवर लाव उद्या," तो म्हणाला, "अशा खिशात घेऊन फिरलास तर काम कसं व्हायचं?" आणि चेहरा धुवायला तो अंगणातल्या नळाशी गेला. बराच वेळ धूत होता.

निघताना ओडेसा भिंतीला धरत धरत दारापर्यंत आली. नको म्हटलं तरी आली. तिच्या हातात चांदीच्या कागदात बांधलेला माशांचा पुडा होता. "मंगळवारी तू नेणार म्हणे मला," ती म्हणाली, "कॉर्डेल सांगत होता. सकाळी लवकर ये हं, उशीर झाला की खिडकीपाशी जागा मिळत नाही." "येईन," वेंडेल म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांना आता नीट दिसत नव्हतं, तरी बघत राहिली. "तू मला एकदा शब्द दिला होतास, आठवतो? हॉपकिन्सव्हिलला. तो कितीही चुकीचं वागला तरी तो शब्द आहे ना अजून? दोन वर्षांनी आणून सोडशील त्याला?" दोन वर्षं. मागच्या महिन्यातच तिच्या डॉक्टरांनी कॉर्डेलला बाजूला घेतलं होतं आणि कॉर्डेलनं ते वेंडेलला सांगितलं होतं. दोन वर्षांचं नाव त्या बोलण्यात कुठंच नव्हतं. अंगणात नळ अजून वाहत होता. "आणून सोडीन, मिस ओडेसा," वेंडेल म्हणाला. हॉपकिन्सव्हिलला हेच म्हणताना त्याला ते खरं वाटलं होतं.

"मग थांबते मी," ती म्हणाली, आणि तो गरम पुडा त्याच्या हातात ठेवला.